फूटपाथवरची पाटी आणि उरलेली वाट

समोर व्यापारी मंडळी बसली आहेत आणि पादचाऱ्यांच्या हक्कांसाठी भांडणारेही बसले आहेत. म्हणजे आज मी दोघांच्याही शिव्या खाणार. विषय तसा छोटा आहे: दुकानापुढे फूटपाथवर मांडलेली घडीची पाटी, जिला आपण सगळे स्टँडी म्हणतो.

पुण्यात लक्ष्मी रोडला तोंड करून असलेल्या मोठ्या दुकानाला स्टँडीची गरज नसते. त्याच्याकडे शोकेस आहे, माथ्यावर लांबलचक नामफलक आहे. गरज आहे ती अप्पा बळवंत चौकात जिना चढून जावं लागतं अशा पुस्तकवाल्याला, बोळात बसून पिको-फॉल करणाऱ्या बाईंना, वाड्याच्या आतल्या अंगाला असलेल्या घड्याळवाल्याला. ‘वरच्या मजल्यावर’ आणि बाण, एवढंच त्या पाटीवर असतं. ती उचलून नेली की त्या दिवशी नवं गिऱ्हाईक येणं मुश्कील.

कायदा काय म्हणतो? हा कायदा म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. कलम २४४ आणि २४५ प्रमाणे आकाशचिन्हं, म्हणजे उंचावर आकाशात दिसणारे फलक, आणि जाहिराती लावायला आयुक्तांची लेखी परवानगी हवी. दुसरीकडे कलम २३१ प्रमाणे रस्त्यात ठेवलेली वस्तू आयुक्त नोटीस न देता उचलू शकतात. परवानगीची सगळी यंत्रणा होर्डिंगच्या मापाची आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा ती यंत्रणा कडक हवी यात वादच नाही. पण दोन फुटी स्टँडीसाठी आकाशचिन्ह विभागात कोण अर्ज करणार? मग ती बेकायदा म्हणूनच उभी राहते. अतिक्रमणाची गाडी येते, चार पाट्या उचलून नेते, संध्याकाळी पाचवी उभी असते. होर्डिंगला हात लावायला क्रेन आणि हिंमत लागते, स्टँडी काय, काखेत मारून नेता येते.

आता दुसरी बाजू. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत फूटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, बाजारपेठेत त्याहून जास्त. समजा, फूटपाथ दोन मीटरचा आहे आणि दुकानदाराने ६० सेंटिमीटरची पाटी ठेवली. उरले १.४०. त्यात विजेचा डीपी बॉक्स, झाड, टेकवलेली दुचाकी. माणूस रस्त्यावर उतरतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोकळे, वापरण्याजोगे पदपथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या अधिकारातला, हक्क मानला आहे, तेव्हा ‘थोडं सांभाळून घ्या’ हे उत्तर आता चालणार नाही.

दृष्टिहीन माणसाचा प्रश्न वेगळाच आहे. खांब रोज त्याच जागी असतो, तो लक्षात ठेवता येतो. स्टँडी काल डावीकडे होती, आज उजवीकडे आहे. शिवाय पांढरी काठी तिच्या दोन पायांच्या मधून निघून जाते आणि वरची चौकट थेट मांडीवर आदळते. हे ऐकल्यावर ज्याला पाटी मधोमध ठेवावीशी वाटते, त्याच्याशी मला चर्चा करायची नाही.

एडिनबर्गनं नोव्हेंबर २०१८ पासून शहरभर अशा पाट्यांवर सरसकट बंदी घातली. अपंग नागरिकांच्या मागणीत तथ्य होतंच. पण अशा बंदीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. दर्शनी दुकानाचं काही बिघडत नाही, आडबाजूचं दुकान दिसेनासं होतं. अठराव्या शतकात लंडननं रस्त्यावर लोंबणाऱ्या पाट्या उतरवायला लावल्या, पण त्याच सुमारास घरांना क्रमांकही दिले. ओळखीची जुनी खूण काढली, तशी नवी दिली. आपल्या मोहिमांत हा दुसरा भाग कायम राहून जातो.

माझं म्हणणं इतकंच आहे की पाटीचं माप घेत बसू नका, तिच्याशेजारी उरलेल्या वाटेचं घ्या. पाटी ठेवूनही १.८ मीटर उरत असतील तर भिंतीला लागून, एका दुकानाला एकच, पायाशी आडवी पट्टी असलेली, शटर पडताना आत जाणारी पाटी चालू द्या. कुठं ठेवायची ते फरशीवर रंगवून द्या, म्हणजे ती रोज त्याच जागी राहील. उरत नसतील तर जमिनीवर काहीच नको. आणि खरं सांगायचं तर पेठांमधल्या बऱ्याच फूटपाथांवर उरणार नाहीतच. तिथं बोळाच्या तोंडाशी भिंतीवर सगळ्यांची नावं असलेला एकच सामायिक फलक लावा. परवानगी क्षेत्रीय कार्यालयात, एका पानाच्या अर्जावर मिळावी.

‘खर्च कोण करणार?’ असं मागून कुणीतरी विचारतंय. बोळातल्या दुकानदारांनी वर्गणी काढावी. पालिकेनं मात्र त्या फलकावर जाहिरात शुल्क लावू नये, आणि फलकाचा अर्धा भाग उद्घाटन करणाऱ्या नगरसेवकाच्या फोटोला जाणार नाही अशी अट आधीच लेखी घालावी.