एमडी : दोन ग्रॅमची पुडी

(दृश्य : औद्योगिक वसाहतीतला रस्ता, बंद फाटक)

दौंड तालुक्यातलं कुरकुंभ. इथल्या एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी छापा टाकला. पुणे, कुरकुंभ आणि दिल्ली मिळून दीड हजार किलोंहून जास्त मेफेड्रोन हा अमली पदार्थ हाती लागला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातही असाच कारखाना सापडला होता. अफूला शेत लागतं, गांजाला झाड लागतं. मेफेड्रोनला रसायनं आणि एक बंद शेड पुरते. म्हणून ते आपल्या इतकं जवळ येऊन बसलंय.

पोरं त्याला एमडी म्हणतात, कुणी म्याऊ म्याऊ म्हणतं. पांढरी किंवा पिवळसर भुकटी. कुणी नाकाने ओढतं, कुणी गिळतं.

(दृश्य : रात्रीचं शहर, मोबाइलच्या उजेडातला चेहरा)

मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन ही आनंद देणारी रसायनं एकदम उसळतात. झोप, भूक, थकवा, भीड सगळं पळतं. मुलगा भरभरून बोलतो, सगळे आपलेच वाटतात. नाकाने ओढलं तर हे काही मिनिटांत सुरू होतं आणि लवकरच ओसरू लागतं. खरा घात इथेच आहे. उतरायला लागलं की लगेच भुकटीची दुसरी लाइन, मग तिसरी. रात्र सरते, पुडी संपते, तरी हात थांबत नाही.

शरीर तोवर तापलेलं असतं. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, दातांवर दात घट्ट रुततात, नाकातून रक्त येतं. काहींची बोटं गार पडून निळसर होतात. ताप फार वाढला किंवा हृदयाची लय बिघडली, तर जीव जातो. सोबत दारू असेल तर धोका आणखी वाढतो. आणि पुडीत नेमकं काय मिसळलंय, हे घेणाऱ्यालाच काय, विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

दुसऱ्या दिवशी उरते ती उदासी. सतत घेणाऱ्याला संशय घेरतो : कुणीतरी पाळत ठेवतंय, घरचेच आपल्यावर उठलेत. आई दाराबाहेर ताट ठेवून जाते. संध्याकाळी ते तसंच असतं, भात वाळलेला.

(दृश्य : जुनी प्रयोगशाळा, कागदपत्रं)

हे रसायन पहिल्यांदा १९२९ मध्ये तयार झालं आणि विस्मरणात गेलं. २००० नंतर ते पुन्हा बाजारात आलं. ब्रिटनमध्ये ते ‘झाडांचं खत’ असं लेबल लावून उघड विकलं जायचं. एप्रिल २०१० मध्ये तिथे बंदी आली. आपल्याकडे ते अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोवर पुडी सापडली तरी या कायद्याखाली हात बांधलेले होते.

आज २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण : एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ५० ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण : किमान १० आणि कमाल २० वर्षं, शिवाय लाखाच्या घरात दंड. जामीनही अत्यंत कठीण.

याच कायद्यात ‘कलम ६४ अ’ आहे आणि ते घरोघर माहीत असायला हवं. सेवन केल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणाबद्दल आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. पोलिसांच्या धाकाने कितीतरी आईबाप महिनोन्‌महिने गप्प बसतात. मुलगा हातातून जातो तो याच महिन्यांत.

(दृश्य : व्यसनमुक्ती केंद्र, गटात बसलेली माणसं)

मेफेड्रोनवर उतारा म्हणून एखादी गोळी नाही. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणसारखी केंद्रं जे करत आली आहेत, तेच लागतं : समुपदेशन, गटातलं बोलणं, घरच्यांची साथ आणि वेळ. सोडल्यानंतरचे पहिले दिवस फार जड. प्रचंड झोप, प्रचंड भूक, कधी आत्महत्येचे विचार. त्या दिवसांत त्याला एकटं ठेवू नका.

छातीत दुखणं, खूप ताप, झटके, भ्रम यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उपचार कुठे मिळतील हे विचारायचं असेल, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे : १४४४६. फोनला पैसे पडत नाहीत.