पांढरा साका

(दृश्य : पहाट. पाइपाचं तोंड, खाली फेस.)

कारखान्याचं सांडपाणी इथे नदीला मिळतं. फेस आहे, थोडी वाफ आहे. पण ह्या जागेवर नमुना घेतला, तर नदीत ऑक्सिजन बऱ्यापैकी सापडतो. एवढ्यावरच नदी ठीक असल्याचा शेरा मारता येतो. म्हणून आम्ही इथे न थांबता प्रवाहाबरोबर खाली गेलो.

(दृश्य : होडी. पाण्याखाली भरणारी बाटली.)

बाटली ३०० मिलिलिटरची. पाण्याखाली धरून सावकाश भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. राहिला, तर त्या हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरतो आणि नदीच्या खात्यावर फुकट जमा होतो.

(दृश्य : काठ. पिपेट, दोन बाटल्या.)

पुढचं काम काठावरच उरकायचं. आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कलीतलं आयोडाइड. पिपेटचं टोक पाण्यात बुडलेलं हवं. बूच लावून बाटली उलटसुलट करायची आणि साका खाली बसू द्यायचा.

डावीकडची बाटली पाइपाच्या वरच्या अंगाची. साका तपकिरी, म्हणजे पाण्यात ऑक्सिजन आहे. उजवीकडची खालच्या वळणावरची.

(दोन क्षण शांतता.)

पांढरा.

हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंक्लर यांनी ही पद्धत १८८८ साली मांडली. आज मीटर पाण्यात बुडवलं की आकडा मिळतो. पण ज्यांचं आयुष्य नदीकाठी गेलं, त्यांना ह्या दोन बाटल्या शेजारी ठेवून दाखवाव्यात. समजावून सांगायला दुसरं काही लागत नाही.

(दृश्य : ब्युरेट. थेंब.)

तपकिरी बाटलीत आम्ल घातलं की साका विरघळून पाणी पिवळं होतं. त्यातलं २०० मिलिलिटर घ्यायचं, थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडायचं. पिवळा रंग फिका पडला की स्टार्च. पाणी गर्द निळं. आणखी काही थेंब... आणि निळाई गेली. ह्या प्रमाणित द्रावणाचे जितके मिलिलिटर लागले, तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन दर लिटरमागे. २० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ९ च्या आसपास मावतो. पाणी तापलं की त्याहून कमी, त्यामुळे गरम सांडपाणी नुसत्या उष्णतेनेही नदीचं नुकसान करतं.

(दृश्य : वरून नदी, वळणामागून वळण.)

मग ऑक्सिजन खाली का संपतो? सांडपाण्यातली साखर, स्टार्च, चरबी हे जिवाणूंचं खाद्य. ते खाताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. पण त्याला वेळ लागतो, आणि तोवर पाणी पुढे गेलेलं असतं. दुसरीकडे पृष्ठभागावरून हवा पाण्यात शिरत असते. जिवाणूंचा खर्च मोठा आणि हवेची भर तोकडी, तोवर पातळी उतरत जाते. तळ गाठते ती जागा पाइपापासून बरीच दूर असू शकते. अमेरिकी संशोधक स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी तिथल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून ह्याचं गणित १९२५ सालीच मांडलं. इतकी वर्षं हे माहीत असताना नमुना फक्त पाइपाच्या तोंडाशी घेणं आम्हाला मान्य नाही.

वेळेचंही तसंच. दुपारी उन्हात शेवाळं ऑक्सिजन सोडतं, आकडा फुगतो. रात्रभर तेच शेवाळं ऑक्सिजन वापरतं. नदीला सर्वात जास्त धाप लागते ती पहाटे.

(दृश्य : उताणे मासे. काठावरचा काळा गाळ.)

मासे मरतात. जड धातू गाळात बसतात, तिथून अन्नसाखळीत शिरतात.

(दृश्य : अंधार. बॅटरीचा उजेड, पाण्यात उतरणारा हात.)

पहाटेचे पाच. खालच्या वळणावर बाटली पुन्हा पाण्याखाली.

(निवेदन नाही. फक्त पाण्याचा आवाज.)