भरतीच्या हिशेबानं ठाणे

(मासुंदा तलाव, सकाळ. पाण्यापलीकडे कौपिनेश्वराचं शिखर.)

ठाण्यात एक दिवस घालवायचा, तर आधी तिथी बघा. नोव्हेंबर ते मे या महिन्यांत इथे बघण्यासारखं सगळ्यात मोठं जे आहे, ते खाडीत आहे: रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे थवे. आणि खाडीत कधी शिरायचं, ते पाणी ठरवतं.

हिशेब किनाऱ्यावरच्या माणसांना पाठ असतो. तिथीला पाऊणनं गुणायचं, भरतीची वेळ निघते. आज चतुर्थी. चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून भरती दुपारी तीनच्या सुमाराला. त्याआधी साधारण सहा तास, म्हणजे सकाळी नऊला, ओहोटी तळाला. हा अंदाज झाला. बोटीची वेळ मात्र भरतीच्या तक्त्यावरून ठरते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणूनच कालची वेळ धरून आलेला पाहुणा धक्क्यावर ताटकळतो.

पाणी उतरेपर्यंत शहर आहे. कौपिनेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, 1760 मध्ये जीर्णोद्धार झालेलं. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतला, 1737 मध्ये तो मराठ्यांनी जिंकला. आज तिथे कारागृह आहे, त्यामुळे भिंत बाहेरूनच बघायची. मामलेदारची मिसळ घेणार असाल तर बेतानं तिखट सांगा. पुढे बोट आहे.

(ठाणे स्टेशन, फलाट 9-10. गाडी सुटते.)

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी याच ठाण्यात आली होती. आज आपल्याला ट्रान्स-हार्बरची, म्हणजे नवी मुंबईकडे जाणारी लोकल धरायची आहे. ती इथूनच सुटते, म्हणून नऊच्या गर्दीतही थोडं आधी आलात तर बसायला मिळतं. दिघा गावानंतर ऐरोली. स्टेशनबाहेर रिक्षा करा, वन विभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र सांगा. बोटीचं आरक्षण आधीच केलेलं असावं. हंगामातल्या शनिवार-रविवारी ऐनवेळी जागा मिळणं कठीण.

(तिवरांची मुळं. चिखलात निवट्या.)

बोट सुटायच्या आधी धक्क्याजवळचा चिखल बघा. पेन्सिलींसारखी वर आलेली ही तिवराची श्वसनमुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. त्यांच्यामधून उड्या मारतात त्या निवट्या, चिखलात राहणारे मासे. एक नांगी भलीमोठी असलेला खेकडा नर, ती हलवून तो मादीला बोलावतो. ही तिवरं आणि हा गाळ आहे म्हणूनच पुढचं सगळं आहे.

(बोट. ऐरोली पूल मागे पडतो. दूरवर गुलाबी पट्टा.)

बोट साडेदहाला निघते, ओहोटीच्या तळानंतर दीड तासानं. ही वेळ महत्त्वाची आहे. पाणी अगदी उतरलेलं असताना निघालात तर बोट गाळात रुतते. फार चढल्यावर निघालात तर गाळ बुडालेला असतो आणि पक्षी उडून गेलेले असतात. चढत्या पाण्याचा आणखी एक फायदा, रुतलेली बोट थोड्या वेळानं आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात रुतली, तर पुढची भरती येईपर्यंत बसून राहावं लागतं.

अभयारण्य ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यान, खाडीच्या पश्चिम काठाला आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि उजेड थेट पक्ष्यांवर पडतो. दुपारी तेच पक्षी काळ्या आकृत्या दिसतात.

(जवळून: उलटी चोच, पाण्यात.)

हा छोटा रोहित. चोच गडद, जवळजवळ काळपट. मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेनं पाणी आत-बाहेर करतो, आणि चोचीच्या कडेच्या बारीक जाळीत शेवाळ अडकतं. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यानं पिसं गुलाबी होतात. करडे दिसतात ती पिल्लं, त्यांना रंग यायला काही वर्षं लागतात. उंच, पांढरट, गुलाबी चोचीला काळं टोक असलेला तो मोठा रोहित.

दुर्बीण 8 पटीची आणा. 10 पटीच्या दुर्बिणीत हलत्या बोटीतून चित्र स्थिर राहत नाही. कॅमेऱ्याचा शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून वेगवान ठेवा. आणि हे बघा. खाणं थांबलं, सगळ्या माना एकदम वर झाल्या, थवा चालू लागला. इथे इंजिन बंद करायला सांगायचं. आणखी पुढे गेलात तर थवा उडेल. चित्र देखणं येईल, पण चरण्याचा वेळ त्यांना मोजकाच मिळतो, तो त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखं होईल.

ठाणे खाडीचा हा भाग 2015 मध्ये अभयारण्य झाला, 2022 मध्ये खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

(नेरुळ. डीपीएस तलाव, दुपार.)

भरती चढत आली की गाळ बुडतो आणि थवे नवी मुंबईच्या पाणथळ जागांकडे येतात. आपणही ऐरोलीहून नेरुळची लोकल धरायची. डीपीएस शाळेमागच्या तलावावर ते भरतीभर एका पायावर उभे राहतात. तिकीट नाही, बोट नाही, काठावरून पुरेसं दिसतं. भरतीचं पाणी या तलावात आत येण्याचे मार्ग बुजले की तलाव सुकतो. 2024 मध्ये तसंच झालं, त्या वर्षी नेरुळमध्ये पक्षी मेलेही.

पाच वाजेपर्यंत पाणी बरंच उतरतं आणि थवे परत खाडीकडे वळतात.

तुमच्या सुट्टीच्या दिवशी एकादशी आली, तर क्रम उलटा करा. भरती सकाळी सव्वाआठला, म्हणून आधी नेरुळ. अकराच्या सुमाराला उतरत्या पाण्यात ऐरोलीची बोट, पण ती वेळेत परत फिरलीच पाहिजे. मिसळ दुपारी.