से कॅथेड्रल : एका मनोऱ्याची वास्तू

मंडळी, पंचवटीतली नारोशंकराची घंटा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रललाही अशीच एक नावाजलेली घंटा आहे, ‘सोन्याची घंटा’. गोव्यातली ही सर्वांत मोठी. ती ज्या मनोऱ्यात आहे, त्याचा जोडीदार मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा उभा राहिलाच नाही. म्हणून समोरून पाहिले की इमारत एका खांद्याने झुकल्यासारखी भासते.

‘से’ म्हणजे आसन, बिशपांचे पीठ. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतले ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी. तो सेंट कॅथरीनचा सण, म्हणून वास्तू तिला वाहिलेली. दारावरच्या लॅटिन लेखात १५६२ हे साल आणि पोर्तुगालचा राजा सेबास्तियांव याचे नाव आहे. राजा तेव्हा अवघा आठ वर्षांचा! मुख्य बांधकाम १६१९ला उरकले, पण वेद्या पूर्ण व्हायला १६५२ उजाडले.

लांबी सुमारे २५० फूट, रुंदी १८१ आणि दर्शनी भिंत ११५ फूट उंच. बाहेरून साधी तस्कन शैली, आत कॉरिंथियन, म्हणजे नक्षीदार खांबांचा, थाट. मुख्य वेदीमागे सोन्याचा मुलामा दिलेले सहा मोठे फलक आहेत, त्यांत कॅथरीनचे जीवन आणि हौतात्म्य कोरले आहे. पण नुसते सोने पाहून परत फिरू नका, वर छताकडे बघा. कमानीचे छत भिंतींना सतत बाहेर ढकलत असते. तो रेटा झेलायला दोन्ही बाजूंना चार-चार चॅपेल, म्हणजे छोटी प्रार्थनागृहे, आहेत, आणि चॅपेलांच्या मधल्या आडव्या भिंती टेकूचे काम करतात.

आता दगड. काळाराम मंदिराचा काळा पाषाण गिलाव्याविना पावसाळे झेलतो. गोव्याचा जांभा तसा नाही. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की टणक. पण सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आणि वरून चुन्याचा हात. हा रंग शोभेचा नव्हे, तो दगडाचा रेनकोट समजा. चुना ओल आत येऊ देतो तशी बाहेरही सोडतो. सिमेंट चढवले की भेगांतून शिरलेले पाणी आतच अडते, क्षार दगडात साचून स्फटिक बनतात आणि जांभ्याचा पृष्ठभाग आतून भुगा होऊन सुटू लागतो. वरून सिमेंट मात्र शाबूत, म्हणजे दुखणे कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

समोरच्या बॉम जेझूस चर्चचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला गेला. लालसर जांभा छायाचित्रांत सुंदर दिसतो खरा. पण उघड्या दगडावर थेट पाऊस पडतो आणि कोरीव कडा बोथट होतात. दोन्ही इमारतींच्या मध्ये फक्त एक रस्ता आहे. तिथे उभे राहून एकदा पांढऱ्या भिंतीकडे आणि एकदा लाल भिंतीकडे पाहा.