पेत्र पंगतीतून उठला तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो.

तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळतं. नियमशास्त्र, म्हणजे मोशेच्या द्वारे दिलेल्या आज्ञा, पाळून ते कमावता येत नाही. हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी उपासनेत ऐकलं असेल, बाप्तिस्म्याच्या वेळी ऐकलं असेल, एखाद्या अंत्यविधीतही ऐकलं असेल. फार वेळा ऐकलेली गोष्ट कानावरून नुसती निघून जाते. म्हणून पुन्हा म्हणतो, कारण आजचं सगळं बोलणं याच्याभोवतीच आहे. तारण कृपेने मिळतं, कमाईने नाही. इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना प्रेषित पौल सांगतो की हे देवाचं दान आहे. तुमच्या कर्मांनी ते झालेलं नाही, म्हणून कोणी आढ्यता बाळगू नये.

आता हे समजावून सांगायचं तर नियमशास्त्र म्हणजे काय, विश्वास कशाला म्हणायचं, नीतिमान ठरणं म्हणजे काय, असं एकेक घ्यावं लागेल. घेऊ, थोडं थोडं. पण मला विचाराल तर हा सिद्धांत कळायला एक भांडण पुरेसं आहे. पहिल्या शतकातलं, पौल आणि पेत्र या दोन प्रेषितांमधलं, म्हणजे येशूची सुवार्ता सांगायला पाठवलेल्या माणसांमधलं, आणि तेही जेवणावरून झालेलं. पौलाने लिहिलेल्या गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते आहे.

मध्येच एक सांगून टाकतो. ही पत्रं मुळात मंडळीला मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी लिहिलेली होती. त्यातलं एकेक वचन तोडून चौकटीत घालायची आणि भिंतीवर लावायची आपली सवय मला अजिबात आवडत नाही. गलतीकरांस पत्र अख्खं वाचायला वीसेक मिनिटं लागतात. एकदा कुणाकडून तरी वाचून घ्या आणि डोळे मिटून ऐका. पौल किती संतापला आहे ते तेव्हा कळेल. बाकीच्या बहुतेक पत्रांत तो सुरुवातीला मंडळीबद्दल देवाचे आभार मानतो. इथे आभार नाहीतच. नमस्कार झाला की लगेच, तुम्ही इतक्या लवकर दुसऱ्याच सुवार्तेकडे वळलात याचं मला आश्चर्य वाटतं, असं सुनावतो.

तर भांडण. स्थळ अंत्युखिया. ओरोंटेस नदीकाठचं, रोमी साम्राज्यातल्या सीरिया प्रांताच्या राजधानीचं शहर, आजचं तुर्कस्तानातलं अंताक्या. येशूच्या शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा इथेच पडलं. या मंडळीत यहूदी होते, तसेच परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेलेही होते. म्हणजे सुंता झालेले आणि न झालेले. आणि हे लोक एकत्र जेवत होते.

आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. त्या काळच्या धर्मनिष्ठ यहूद्याला ते फारच विशेष होतं. त्याच्या घरी काय खायचं, काय नाही, मांसातलं रक्त कसं काढायचं, हे सगळं ठरलेलं. परराष्ट्रीयाच्या ताटात काय असेल कोण जाणे! मांस मूर्तीला वाहिलेलं असेल, द्राक्षारस देवळातून आलेला असेल. त्यापेक्षा लांब बसलेलं बरं. अशा जगात अंत्युखियाची मंडळी एका पंगतीला बसत होती, आणि पेत्र तिथे आला तेव्हा तोही बसला.

पेत्राला हे नवं नव्हतं. त्याच्या बाबतीत आधी काय घडलं होतं, आठवा. यापोमध्ये तो शिमोन नावाच्या चांभाराकडे उतरला होता. भर दुपारी प्रार्थनेसाठी गच्चीवर गेला. भूक लागली होती, खाली स्वयंपाक चालला होता. आणि त्याला दृष्टांत झाला. चारी कोपरे धरून एक मोठी चादर आकाशातून खाली सोडलेली, तिच्यात सगळ्या तऱ्हेचे पशू, सरपटणारे प्राणी, पक्षी. वाणी आली, "पेत्रा, ऊठ, मार आणि खा." पेत्र म्हणतो, नको प्रभू, निषिद्ध असं काही मी कधी खाल्लेलं नाही. हे तीन वेळा झालं. मला या प्रसंगात सगळ्यात जास्त पेत्राचं ते 'नको' आवडतं. साक्षात देव वाढतो आहे आणि हा गृहस्थ शास्त्र सांगतो आहे!

तेवढ्यात दाराशी माणसं आली. कैसरियाच्या कर्नेल्याकडून, एका रोमी शताधिपतीकडून. पेत्र त्यांच्याबरोबर गेला, परराष्ट्रीयाच्या घरात शिरला, बोलायला उभा राहिला. आणि त्याचं भाषण संपायच्या आत ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरला. हा क्रम कानात नीट साठवून ठेवा. त्यांची सुंता झालेली नव्हती. नियमशास्त्र पाळण्याचं वचन त्यांनी दिलेलं नव्हतं. बाप्तिस्माही व्हायचा होता. त्याआधीच देवाने त्यांना आपलं म्हटलं. देवाने आधी घेतलं, बाकीचं सगळं नंतर. यरुशलेमेला परतल्यावर लोकांनी पेत्राला धारेवर धरलं की तू बेसुंत्यांकडे जाऊन त्यांच्याबरोबर जेवलास. तेव्हा पेत्राने ठणकावून उत्तर दिलं होतं की देवाला अडवणारा मी कोण?

असा हा पेत्र अंत्युखियाला आला आणि सगळ्यांबरोबर जेवू लागला. मग एक दिवस यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसं आली. याकोब म्हणजे प्रभूचा भाऊ, यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख. ही माणसं पेत्राला काय म्हणाली ते पौल सांगत नाही. कदाचित काही म्हणालीही नसतील. नुसतं बघितलं असेल. मोठ्या ठिकाणाहून आलेली माणसं नुसती बघतात तेव्हा काय होतं, ते कुठल्याही संस्थेत काम केलेल्याला विचारा.

पेत्र हळूहळू मागे सरकू लागला. आणि मग वेगळाच बसू लागला. पौल सरळ लिहितो, सुंता झालेल्यांच्या भीतीने. त्याचं बघून बाकीचे यहूदीही उठले. शेवटी बर्णबासुद्धा त्यांच्यात ओढला गेला. हे 'बर्णबासुद्धा' लिहिताना पौलाला लागलं असणार. मंडळीसाठी शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवणारा हाच बर्णबा. मंडळीचा छळ करणाऱ्या शौलावर, म्हणजे याच पौलावर, कोणी विश्वास ठेवत नव्हतं तेव्हा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा हाच. तार्सापर्यंत जाऊन त्याला शोधून अंत्युखियाला आणणाराही हाच. आणि आता तोही पलीकडे जाऊन बसला.

श्रोतेहो, इथे बघा. पेत्राने शिकवण बदलली नव्हती. येशूने तारण होत नाही असं तो एका शब्दानेही म्हणाला नव्हता. त्याने फक्त जेवायची जागा बदलली. पण त्या जागा बदलण्याने बेसुंत्यांना कळायचं ते कळलं. तुम्ही आत आहात, पण पुरते नाही. अजून थोडं बाकी आहे. आमच्यासारखे व्हा, मग आम्ही तुमच्याबरोबर बसू. शिवाय त्या काळी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, आणि साधं जेवण आजच्यासारखं वेगळं नव्हतं, करिंथकरांच्या पत्रावरून ते दिसतं. म्हणजे पंगत तुटली तेव्हा बहुधा प्रभूची भाकरही दोन ठिकाणी मोडली जाऊ लागली.

पौलाने काय केलं? पेत्राला बाजूला घेऊन हळूच सांगितलं? नाही. सगळ्यांदेखत, तोंडावर बोलला. तू स्वतः यहूदी असून परराष्ट्रीयांसारखा राहतोस, मग परराष्ट्रीयांनी यहूद्यांसारखं राहावं म्हणून त्यांच्यावर बळजबरी का करतोस? मला हे फार पटतं. बैठकीत मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर जिन्यात कुजबुजायचं, या पद्धतीने मंडळ्यांचं जितकं नुकसान झालं आहे तितकं उघड भांडणांनी झालेलं नाही, असं माझं मत आहे. असो, हा वेगळा विषय झाला.

पेत्राने काय उत्तर दिलं? पौल सांगतच नाही. पेत्र परत येऊन बसला का, बर्णबा ओशाळला का, काही नाही.

पुढच्या पिढ्यांना या प्रसंगाने फार अडचणीत टाकलं. दोन थोर प्रेषित, आणि एक दुसऱ्याला ढोंगी म्हणतो! पौल त्याला केफा या त्याच्या अरामी नावाने हाक मारतो ना, मग अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या प्राचीन ख्रिस्ती विद्वानाने म्हणून टाकलं की हा केफा म्हणजे आपला पेत्र नव्हेच, त्याच नावाचा दुसरा एक शिष्य. चौथ्या शतकाच्या अखेरीला जेरोम या बायबलच्या पंडिताने मांडलं की भांडण खोटंच होतं, लोकांना धडा मिळावा म्हणून दोघांनी मिळून केलेलं सोंग. ते वाचून ऑगस्टीन हा दुसरा थोर धर्मपंडित अस्वस्थ झाला. शास्त्रात सोंग मान्य केलं तर उद्या कशावर विश्वास ठेवायचा, असं त्याने जेरोमला पत्राने विचारलं. दोघांमध्ये बरीच वर्षं पत्रं चालली, आणि मधली काही पत्रं भलत्यांच्याच हाती पडून गैरसमज आणखी वाढले. मी ऑगस्टीनच्या बाजूचा आहे. पेत्र चुकला, आणि तो चुकलेला पवित्र शास्त्रात राहू दिला, याचं मला मोठं समाधान वाटतं.

घड्याळ पुढे सरकलं आहे. तेव्हा विवेचन थोडक्यात.

या प्रसंगाला लागूनच पौल ते प्रसिद्ध वाक्य लिहितो. माणूस नियमशास्त्रातल्या कृत्यांनी नव्हे, तर येशू ख्रिस्तावरच्या विश्वासाने नीतिमान ठरतो. नीतिमान ठरणं म्हणजे देवाने आपल्याशी असलेला संबंध सरळ केला, आपल्याला निर्दोष म्हणून जवळ घेतलं. आणि अध्यायाच्या शेवटी म्हणतो, नीतिमत्त्व नियमशास्त्राने मिळत असतं तर ख्रिस्त विनाकारण मेला.

पुढे तो यहूद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्याकडे जातो. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्या लेखी नीतिमत्त्व म्हणून धरलं गेलं. सुंतेची आज्ञा येते १७व्या अध्यायात. आणि नियमशास्त्र, पौलाच्या हिशेबाने, देवाने अब्राहामाला दिलेल्या अभिवचनानंतर ४३० वर्षांनी. म्हणजे पुन्हा तोच क्रम. देवाने आधी घेतलं, बाकीचं नंतर. कर्नेल्याच्या घरी हेच, अब्राहामाच्या तंबूतही हेच.

इथे एक गैरसमज मात्र काढायला हवा. यहूदी धर्म म्हणजे नुसता कोरडा नियम आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे कृपा, अशी वाटणी काही उपदेशक करतात. ती अन्यायाची आहे. दहा आज्ञा काढून बघा. पहिल्या आज्ञेच्या आधी देव म्हणतो, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं. सुटका आधी, आज्ञा मागाहून. पौलाचा वाद आज्ञा वाईट आहेत असा नव्हताच. रोमकरांना लिहिताना तो नियमशास्त्राला पवित्र म्हणतो. त्याचा वाद हा की दाराशी त्या अट म्हणून लावू नका.

मग वाटेल तसं वागावं का? पौलाला हा प्रश्न त्याच्या हयातीतच विचारला गेला. कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय? त्याचं उत्तर आहे, मुळीच नाही. जो पापाला मेला तो त्यात जगणार कसा? गलतीकरांनाही तो हेच लिहितो की प्रीतीतून काम करणारा विश्वास हाच खरा. कर्मं येतात, पण मोल म्हणून येत नाहीत.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याचा हे पत्र म्हणजे जीव की प्राण. त्याच्या बायकोचं नाव काथारीना फॉन बोरा. गलतीकरांस पत्र ही माझी काथारीना आहे, असं तो म्हणायचा. त्याच्या काळात याच शिकवणीवरून पश्चिमेकडची मंडळी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशी दुभंगली. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत, आउग्सबुर्गला, लूथरन जागतिक संघ आणि रोमन कॅथलिक मंडळी यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने, केवळ कृपेने, आपल्या कुठल्याही गुणामुळे नव्हे, देव आपल्याला स्वीकारतो, अशी कबुली दोघांनी एकत्र दिली. २००६मध्ये मेथडिस्ट त्यात आले, २०१७मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या, या दोन्ही प्रॉटेस्टंटच.

मोठी गोष्ट झाली, यात शंका नाही. पण प्रभुभोजनाला या मंडळ्या आजही सहसा एकत्र बसत नाहीत. त्याची कारणं वेगळी आहेत, धर्मगुरूच्या अधिकाराबद्दलची, भाकर आणि द्राक्षारस यांच्याबद्दलची. ती मला ठाऊक आहेत आणि ती क्षुल्लकही नाहीत. तरी मला वाटतं, पौल आज आला तर जाहीरनामा वाचायला घेण्याआधी कोण कुठे बसलं आहे ते बघेल.

याकोबाचं पत्र आज राहून गेलं. माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कृत्यांनी नीतिमान ठरतो, असं तिथे चक्क लिहिलेलं आहे, आणि तुमच्यातल्या काहींनी ते आत्ताच काढूनही ठेवलं असेल. ते पुढच्या भेटीत बघू. नमस्कार.