दिवाळीतलं अंदमान आणि वादळाचा हिशेब

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय: 'डायव्हिंगच्या सुट्टीत वादळ आलं तर'. त्यावर मी येणार आहे, नक्की येणार आहे. पण वादळ डोक्यावर आल्यावर माणसाच्या हातात फार थोडं उरतं. बाकीचं सगळं दोन-तीन महिने आधी, इथे बडोद्यात, रावपुऱ्यात एजंटच्या टेबलाशी बसून ठरलेलं असतं. म्हणून सुरुवात त्या टेबलापासून करू.

आपली सुट्टी कधी असते बघा. गुजरातेत शाळांना दिवाळीचे 21 दिवस. नोकरदार भाऊबीज उरकून निघतात, दुकानवाले लाभपाचमचा मुहूर्त करून निघतात, आणि देवदिवाळीच्या आसपास सगळे परत. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे हंगाम दोन: एक एप्रिल ते जून, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यातही मे आणि नोव्हेंबर सगळ्यांत जोराचे. म्हणजे आपली सुट्टी दुसऱ्या हंगामाच्या ऐन भरात पडते. तारीख बदला हे सांगणं सोपं आहे, पण मुलांची शाळा काही बदलत नाही. ज्यांची मुलं मोठी झालीत त्यांनी उत्तरायण उरकून जावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथला समुद्र शांत असतो, पाणी नितळ असतं. बाकीच्यांनी दिवाळीतच जावं, खुशाल जावं, फक्त वादळ धरून आखणी करावी.

समुद्रातल्या वादळाशी बडोद्याचा काय संबंध, असं कुणाला वाटत असेल तर 2024 चा ऑगस्ट आठवा. विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, मगरी वस्तीत आल्या. तो पाऊस पाडणारं डीप डिप्रेशन पुढे कच्छवरून अरबी समुद्रात उतरलं आणि 30 ऑगस्टला त्याचं 'अस्ना' चक्रीवादळ झालं. आपल्या घरात पाणी आलं तेव्हा त्याला नावसुद्धा नव्हतं.

अंदमानातही हेच होतं. हवामान खात्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. वारा 17 ते 27 नॉट असेल तर डिप्रेशन, 28 ते 33 नॉटला डीप डिप्रेशन, आणि 34 नॉटला, म्हणजे ताशी साधारण 62 किलोमीटरला, चक्रीवादळ. नाव मिळतं ते या शेवटच्या पायरीवर. पर्यटक नाव ऐकेपर्यंत निवांत असतात, बोटी मात्र त्याच्या कितीतरी आधी बंद होतात. 2016 च्या डिसेंबरात हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले. नौदलाची जहाजं, तटरक्षक दल आणि हेलिकॉप्टर लावून त्यांना पोर्ट ब्लेअरला आणावं लागलं. बोटी थांबल्या तेव्हा त्या वादळाला 'वरदा' हे नाव मिळायचं होतं. मग तेच वरदा 12 डिसेंबरला चेन्नईवर गेलं आणि चेन्नईचा विमानतळ बंद पडला.

हा दुसरा फटका नीट समजून घ्या, कारण बडोद्याहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही. आपण बहुतेक वेळा चेन्नई किंवा कोलकात्यावरून जातो. आणि अंदमानावरून गेलेलं वादळ तीन-चार दिवसांत पूर्व किनाऱ्यावर पोहोचतं. 2013 मध्ये 'लेहर' 25 नोव्हेंबरला पोर्ट ब्लेअरजवळून गेलं आणि 28 तारखेला मछलीपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं. म्हणजे बेटावर ऊन पडलेलं असतं, बोटी चालू झालेल्या असतात, आणि तुमचं विमान जिथून बदलायचं ते शहर पावसात असतं. अशा वेळी दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील तर पुढची सोय कंपनीला बघावी लागते. स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी तिकिटं काढली असतील, तर पहिलं विमान चुकल्याचा दुसऱ्या कंपनीला काही देणंघेणं नसतं. हजार-दोन हजार रुपयांसाठी हे करू नका.

आता पाण्याखाली काय होतं ते सांगतो. डायव्हिंग करणाऱ्याला वादळ पहिल्यांदा वाऱ्यातून कळत नाही, ते लाटेतून कळतं. आकाश निळं, झाडाचं पान हलत नाही, आणि डाइव्ह सेंटरवाला सांगतो, आज नेणार नाही. लोक चिडतात, पैसे भरलेत म्हणतात. अशा माणसाशी भांडू नका, त्याचं ऐका. वादळाच्या पोटात तयार झालेल्या लांब लाटा, ज्यांना स्वेल म्हणतात, वादळाच्या पुढे धावतात. 12 सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा समूह खोल समुद्रात ताशी 34 किलोमीटरच्या आसपास सरकतो. वादळ स्वतः बहुधा ताशी 15 ते 20 नं चाललेलं असतं. तेव्हा दिवसभरात स्वेल 800 किलोमीटर पुढे येते आणि वादळ त्याच्या निम्म्यावर असतं.

हे 12 सेकंद मोजायला काही यंत्र लागत नाही. किनाऱ्यावर उभं राहा, एखादा खडक किंवा नांगरलेली होडी धरा, एक लाट तिथे आली की घड्याळ चालू करा आणि त्यानंतरची दहावी लाट आली की थांबवा. आलेल्या सेकंदांना दहाने भागा. 5-6 आलं तर तो इथल्याच वाऱ्याचा खळखळाट. 11-12 किंवा जास्त आलं तर दूर कुठेतरी मोठं काहीतरी चालू आहे.

फरक का पडतो? लाटेची लांबी सेकंदांच्या वर्गाला 1.56 ने गुणल्यावर मीटरमध्ये मिळते. 5 सेकंदांची लाट 39 मीटर लांब, 12 सेकंदांची जवळजवळ 225 मीटर. लाटेची घुसळण तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोहोचते. प्रमाणपत्र नसलेल्या पर्यटकाला पहिल्या डाइव्हला 12 मीटरच्या खाली नेत नाहीत. त्या 12 मीटरवर, खोल पाण्याच्या ढोबळ हिशेबाने, 5 सेकंदांच्या लाटेची हालचाल वरच्या सातव्या हिश्श्याएवढी उरते. 12 सेकंदांच्या लाटेची सत्तर टक्के उरते! वर पाणी जेवढं हलतंय जवळपास तेवढंच खाली, पुढे-मागे, पुढे-मागे. वाळू उठते, हातभर अंतरावरचं दिसेनासं होतं, नवखा माणूस प्रवाळाला धरायला जातो आणि हात कापून घेतो. वर येताना 5 मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप घ्यायचा असतो, तोसुद्धा एका खोलीवर धरता येत नाही.

आणि खरा धोका बोटीच्या शिडीपाशी. बोट मीटरभर वर उचलली जाते आणि खाली आपटते, तिच्याबरोबर लोखंडी शिडीही. लोक दमलेले असतात, फिन्स काढायच्या गडबडीत शिडीच्या खाली जातात. शिडी डोक्यात बसते. चढायची वेळ आलीच तर एका वेळी एकच माणूस, बाकीचे चार-पाच मीटर लांब; शिडी खाली गेली की पकडायची आणि बोट वर उचलेल त्याच्याबरोबर चढायचं. रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घेतो तो, तोंडातच ठेवायचा.

आता त्या टेबलाकडे परत येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. अंदमानचं ठरीव पॅकेज बघा. पहिला दिवस पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल. सावरकरांची कोठडी आधी बघायची हा आपला मराठी रिवाज, त्यात चूक काही नाही. मग रॉस बेट. मग हॅवलॉक तीन रात्री, मग नील एक रात्र, सहाव्या दिवशी संध्याकाळी पोर्ट ब्लेअरला परत आणि सातव्या दिवशी सकाळी विमान. कागदावर सुंदर दिसतं, पण शेवटची बोट आणि विमान यांच्यात एक दिवसही मोकळा नाही. बोट एक दिवस बंद झाली की विमान गेलं, आणि पुढे चेन्नईचं तिकीट, बडोद्याचं तिकीट, सगळंच गेलं. शिवाय डायव्हिंग सहलीच्या मागच्या अर्ध्यात. म्हणजे हवा बिघडली तर बदली दिवस नाही, आणि बिघडली नाही तरी डायव्हिंग आणि विमान जवळजवळ चिकटलेले.

ही आखणी उलटी करा. एजंट म्हणेल तसं पॅकेज नाही, तरी करून घ्या. सकाळचं विमान असेल तर दुपारच्या बोटीने सरळ हॅवलॉक. जमलं नाही तर पोर्ट ब्लेअरला एकच रात्र. डायव्हिंग दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी, म्हणजे एखादा दिवस बुडाला तरी दोन उरतात. मग नील. आणि शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला. सेल्युलर जेल, रॉस, संग्रहालयं, सगळं तिथे. वादळ आलं तर या दोन रात्री तुमची गादी आहेत, नाही आलं तर दोन दिवस निवांत बघून होतं.

दोन रात्रींचं दुसरंही कारण आहे, आणि ते शरीराचं आहे. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि हळूहळू बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब 8000 फुटांपर्यंतच्या उंचीवर असावा तितका कमी असतो. फार लवकर चढलात तर उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, पाय लुळे पडू शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा नियम आहे: एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास, अनेक डाइव्ह किंवा सलग दिवस केल्या असतील तर किमान 18 तास विमान नाही. वादळाची बातमी आली की माणसं नेमकं उलटं करतात. उद्यापासून बंद होणार म्हणून आज सकाळी एक शेवटची डाइव्ह उरकून घेतात, आणि दुपारी कळतं की संध्याकाळच्या विमानात जागा आहे. त्या विमानात बसता येत नाही! इशारा आला की शेवटची डाइव्ह झालेली आहे असं धरा, कारण आता तुम्हाला कधी उडावं लागेल हे तुमच्या हातात नाही. हेलिकॉप्टरने हलवत असतील तर डाइव्ह कधी केली ते वैमानिकाला आधी सांगा.

त्यात ऑक्सिजनचा हिशेब घाला. हॅवलॉकवर कुणाला हा त्रास झाला तर दाबाची खोली, म्हणजे रीकॉम्प्रेशन चेंबर, पोर्ट ब्लेअरच्या नौदलाच्या रुग्णालयात. तोपर्यंत माणसाला शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, मिनिटाला 15 लिटर. दहा लिटरचा सिलिंडर 150 बारला भरलेला असेल तर त्यात 1500 लिटर, म्हणजे 100 मिनिटं. खाजगी वेगवान बोटीलाच दीड तास लागतो, सरकारी बोटीला अडीच. म्हणून सेंटर निवडताना माशांचे फोटो नंतर बघा, आधी विचारा: ऑक्सिजनचे सिलिंडर किती, शेवटचे कधी भरले? आणि बोटी बंद असताना हा रुग्ण जाणारच कसा? समुद्र बिघडतोय म्हटल्यावर चांगले लोक डायव्हिंग आधीच थांबवतात ते यासाठी.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. पत्रिकेवरचा विषय भराभर सांगतो, लिहून घ्या.

रोज सकाळ-संध्याकाळ हवामान खात्याचं आणि हैदराबादच्या इन्कॉइसचं पत्रक बघा. इन्कॉइस लाटांचा अंदाज देतं. किनाऱ्याला 48 तास आधी अलर्ट, 24 तास आधी वॉर्निंग असा क्रम असतो. बंदरावर तीन किंवा चार नंबरचा बावटा लागला म्हणजे संकट त्याच बंदरावर आहे. अलर्ट आला आणि बोटी चालू असतील तर राहिलेल्या डाइव्ह सोडा, पोर्ट ब्लेअर गाठा. बोटी बंद असतील तर धक्क्यावर गर्दी करू नका. हॉटेलवाल्याकडून प्रशासनाच्या यादीत नाव घाला आणि जागेवर राहा.

बांबूच्या किंवा झावळ्यांच्या कॉटेजमध्ये असाल तर उजेडातच सिमेंटच्या पक्क्या इमारतीत हला. नारळाखाली, महुआच्या मोठ्या झाडाखाली थांबायचं नाही. बादल्या, बाटल्या भरा. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरा. नेहमीची औषधं पाच दिवसांची जादा, ओआरएस, आणि दहा-पंधरा हजार रुपये रोख, लहान नोटांत. वीज गेली की एटीएम आणि यूपीआय दोन्ही गेले. तिकिटं कागदावर छापलेली ठेवा. वारा एकदम पडला तर बाहेर पडू नका, तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो. फोन लागला तर 112, समुद्रातल्या अडचणीला तटरक्षक दलाचा 1554.

डायव्हिंगचा टॉर्च खोलीत उजेडाला चालतो, पण सगळ्यांत मंद पायरीवर लावा. मोठे टॉर्च पाण्यात थंड राहतील असे बनवलेले असतात, हवेत पूर्ण जोरावर तापून बिघडतात. स्वतःचं सामान असेल आणि धुवायला एकच बादली गोडं पाणी असेल तर आधी मास्क, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर, रेग्युलेटर, मग जॅकेट, मग सूट, शेवटी वाळू भरलेले बूट. रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजला, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागाला, टोपी लावल्याशिवाय बुडवू नका, आणि बुडालेला असताना पर्जचं, म्हणजे हवा सोडायचं बटण दाबू नका; पाणी नळीतून थेट फर्स्ट स्टेजमध्ये जातं. सिलिंडर आडवे ठेवून अडवा.

वादळ गेल्यावर लगेच पाण्यात उतरायचं नाही. ओढ्यांचा गाळ, सांडपाणी, ओंडके, तुटलेली जाळी, सगळं काही दिवस समुद्रात असतं. वीज नसली तर कॉम्प्रेसरही बंद, सिलिंडर भरणार कसे?

पैशांचं एवढंच. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पूर्ण परतावा किंवा दुसरं विमान मागता येतं, वादळासाठी वेगळी भरपाई मिळत नाही. विमा बुकिंगच्या दिवशीच काढा. वादळ जाहीर झाल्यावर काढलेला त्या वादळाला सहसा लागू होत नाही. त्यात स्कूबा आहे का आणि किती मीटरपर्यंत, ते वाचा. डाइव्ह सेंटरकडून 'हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख' हे आगाऊ रक्कम भरण्याआधी लेखी घ्या.

आणि ज्यांचा ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्राचा कोर्स, अर्ध्यात राहिला त्यांच्यासाठी शेवटचं. त्यात समुद्रातल्या चार डाइव्ह लागतात, किमान दोन दिवसांत. थिअरी आणि उथळ पाण्यातला सराव झाला असेल तर इन्स्ट्रक्टरच्या सहीचा रेफरल फॉर्म मिळतो आणि वर्षाच्या आत दुसरीकडे उरलेल्या डाइव्ह करून प्रमाणपत्र घेता येतं. हा फॉर्म निघायच्या धांदलीत राहून जातो. बॅग भरायच्या आधी मागून घ्या.