अमेरिकन कॉलेजांतला सर्वांत मोठा बहुखेळाडू कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

जॅकी रॉबिन्सन म्हटलं की बेसबॉल, हे समीकरण पक्कं आहे. १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्स या संघाकडून उतरून मेजर लीगमधली, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधली, वर्णभेदाची भिंत त्याने पाडली. पण कॉलेजात, म्हणजे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात, १९४० च्या हंगामातली त्याची फलंदाजीची सरासरी होती ०.०९७. ही सरासरी क्रिकेटच्या कानाने ऐकू नका. हिशेबात धरलेल्या हजार संधींमागे ९७ यशस्वी फटके, असा तिचा अर्थ. अडीचशेच्या आसपास असला की खेळाडू बरा म्हणायचा. थोडक्यात, पुढे ज्या खेळाने तो अजरामर झाला, तोच कॉलेजात त्याचा सगळ्यात कच्चा खेळ होता.

अमेरिकन कॉलेजांतला सर्वांत मोठा बहुखेळाडू, म्हणजे अनेक खेळांत चमकलेला खेळाडू, कोण, हा वाद नेमका इथेच घसरतो. व्यावसायिक कारकिर्दीची पुण्याई मागे नेऊन कॉलेजच्या खात्यात जमा केली जाते. तेव्हा पहिली अट, कॉलेजची वर्षं तेवढीच धरायची. दुसरी अट, ‘लेटर’ मोजत बसायचं नाही. लेटर म्हणजे कॉलेजच्या मुख्य संघातून पुरेसं खेळल्यावर मिळणारं, स्वेटरवर शिवायचं कापडी अक्षर. ‘पुरेसं’ म्हणजे किती, हे ज्या त्या कॉलेजने ठरवायचं. त्यामुळे चार अक्षरांवरून चारही खेळांतला दर्जा कळत नाही. तिसरी अट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे हंगाम बघायचा. फुटबॉल, अर्थात अमेरिकन फुटबॉल, शरद ऋतूत, बास्केटबॉल हिवाळ्यात, बेसबॉल, काठी-चेंडूचा लॅक्रॉस आणि मैदानी स्पर्धा तिन्ही वसंतात. पाठोपाठच्या हंगामांतले दोन खेळ एक वेळ जमतात. एकाच वसंतात दोन खेळायचे तर सराव, प्रवास आणि सामन्यांच्या तारखा एकमेकांवर आदळतात.

या अटी लावूनही रॉबिन्सन भक्कमच उरतो. यूसीएलएत चार खेळांत लेटर मिळवणारा तो पहिला. १९४० मध्ये २४ फूट सव्वादहा इंचांची लांब उडी मारून त्याने राष्ट्रीय आंतरकॉलेज विजेतेपद घेतलं, आणि तेही बेसबॉलच्याच वसंतात. पण चारातला एक खेळ ०.०९७ चा, हे कसं विसरायचं?

जिम थॉर्पचं नाव निघतंच. १९११ साली कार्लाइलने हार्वर्डला १८-१५ हरवलं, त्यातले १२ गुण त्याच्या चार फील्ड गोलचे, म्हणजे खांबांमधून चेंडू किक मारून केलेल्या गोलचे. पण कार्लाइल ही मूळनिवासी मुलांसाठी सरकारने चालवलेली औद्योगिक शाळा होती, पदवी देणारं कॉलेज नव्हे. शिवाय १९१२ ची स्टॉकहोमची सुवर्णपदकं ऑलिंपिकच्या खात्यातली. त्याला वेगळ्या रांगेत बसवलेलं बरं.

आमचं मत जिम ब्राउनच्या बाजूने. न्यूयॉर्क राज्यातलं सिरॅक्यूज विद्यापीठ. १९५६ चा फुटबॉल हंगाम आठ सामन्यांचा. त्यात तो चेंडू घेऊन ९८६ यार्ड धावला, म्हणजे सामन्यामागे १२३. कोलगेट विद्यापीठाविरुद्ध एकट्याचे ४३ गुण. हिशेब सोपा आहे: सहा टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणं), प्रत्येकी सहा गुण, झाले ३६. टचडाउननंतरची जादा किक मारायला तोच, त्या सात यशस्वी. पुढे हंगामानंतरच्या कॉटन बोल या मानाच्या सामन्यात टीसीयू, म्हणजे टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीविरुद्ध त्याने २१ गुण केले, पण त्याची एक किक अडवली गेली आणि सिरॅक्यूज २७-२८ असा एका गुणाने हरला. किकरही तोच असल्याची ही दुसरी बाजू.

आता १८ मे १९५७. सिरॅक्यूजच्या मैदानी संघाची लढत कोलगेटशी, आणि त्याच दिवशी लॅक्रॉसचा सामना आर्मीशी, म्हणजे लष्करी अकादमीच्या संघाशी. ब्राउनने उंच उडी जिंकली, थाळीफेक जिंकली, भालाफेकीत दुसरा आला. पाच, पाच आणि तीन, एकूण १३ गुण. मग कपडे बदलून लॅक्रॉसच्या मैदानात. तो सामनाही ८-६ जिंकून संघाने अख्खा हंगाम अपराजित संपवला. लॅक्रॉसमध्ये काठीच्या टोकाच्या जाळीत रबरी चेंडू झुलवत पळायचं असतं, आणि समोरचा त्या काठीवर काठी मारून चेंडू पाडायला टपलेला असतो. शंभर किलोंच्या घरातला ब्राउन काठी छातीशी कवटाळून धावायचा. मारायला जागाच सापडायची नाही. त्या वसंतात दहा सामन्यांत ४३ गोल.

आक्षेप दोन, आणि दोन्ही खरे. लॅक्रॉस तेव्हा मुख्यतः ईशान्येकडच्या मोजक्या कॉलेजांत चालायचा, म्हणजे स्पर्धा कमी. आणि बास्केटबॉलमध्ये सामन्यामागे १५ गुणांवरून तो ११.३ वर आला. शेवटच्या वर्षी खेळलाच नाही. त्यामुळे ‘चार खेळांचा राजा’ ही बिरुदावली जरा सैलच. तीन म्हणा, वाद मिटेल.

त्याला खरी टक्कर ऑबर्न विद्यापीठाच्या बो जॅक्सनची. १९८५ च्या वसंतात बेसबॉलमध्ये ०.४०१ ची सरासरी आणि १७ होमरन. त्याच वर्षीच्या शरदात फुटबॉलमध्ये १,७८६ यार्ड आणि कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन चषक. दोन मोठ्या खेळांतलं असं एक वर्ष ब्राउनकडे नाही. पण १९८६ च्या वसंतात एका व्यावसायिक फुटबॉल संघाच्या खासगी विमानाने तो गेला आणि नियमभंगापायी त्याचा शेवटचा बेसबॉल हंगाम बुडाला. ब्राउनचं पारडं जड होतं ते इथे.

आणि जॅकी जॉयनर? यूसीएलएत हिवाळाभर बास्केटबॉल, कारकिर्दीत हजाराहून जास्त गुण. त्याच पायांनी वसंतात सात प्रकारांची हेप्टॅथलॉन, आणि १९८२ व १९८३ ची राष्ट्रीय आंतरकॉलेज विजेतेपदं. अशा यादीत बायकांची नावं शेवटी, तोंडी लावण्यापुरती घेतात. आम्ही तिला रॉबिन्सनच्या वर, तिसरी ठेवतो.